वर फेकलेली थप्पी

एक वस्तू जमिनीवरून सरळ वर फेकली. सुरुवातीचा वेग दिलेला आहे. ती किती उंच जाईल आणि परत यायला किती वेळ लागेल, ते काढा. हवेचा रोध नगण्य माना.

हे मी बावीस वर्षं फळ्यावर लिहीत आलो आहे. चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल गावच्या एका ज्युनियर कॉलेजात मी अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवतो. या बावीस वर्षांत एकाही मुलाने मला विचारलं नाही की सर, ही वस्तू फेकली कोणी, आणि वर कोणी आहे का? त्यांचं काही चुकलं नाही. असले प्रश्न विचारणाऱ्याला मार्क मिळत नाहीत, हे त्यांना मीच शिकवलं. आमच्या प्रश्नातली वस्तू कोणाच्या हातून सुटत नाही आणि कोणाच्या अंगावर पडत नाही. तिला वस्तुमान असतं, पण तेही समीकरणात दोन्हीकडून कटतं. सगळं कटून झाल्यावर जे उरतं, त्याचे आम्ही तीन मार्क देतो.

या धड्यात एक वाक्य आहे, ते मी वर्गाकडून तीनदा म्हणून घेतो. अत्युच्च बिंदूला वस्तूचा वेग शून्य असतो. यावर हमखास एका मार्काचा प्रश्न येतो. मुलं ते घोकतात, मीही घोकूनच पास झालो. त्याचा अर्थ मला वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी कळला, तोही दुसऱ्याचा अंगठा मोडल्यावर.

माझं घर मूलच्या जवळच्या एका खेड्यात आहे. पुढच्या दोन खोल्यांवर स्लॅब आहे, मागच्या स्वयंपाकघरावर आणि पडवीवर देशी कवेलू, म्हणजे मातीची कौलं. वानरं वर्षभर त्यांच्यावर उड्या मारतात, त्यामुळे दर उन्हाळ्यात कवेलू फेरावे लागतात. म्हणजे सगळे उतरवायचे, फुटके काढायचे, खालचे बांबू आणि चिरलेल्या कमच्या ठीक करायच्या आणि नव्याने रचायचे. आमच्या गावात हे काम दोघे जण करायचे. एक खालून फेकणारा, पन्नाशीचा, अंगाने सुकलेला, कमी बोलणारा. दुसरा वर बसून घेणारा, त्याच्या धाकट्या बहिणीचा नवरा. खालचा साळा, वरचा जवाई. वरचा बोलका होता आणि दिवसभर खालच्याची थट्टा करायचा. खालचा ते हसून घ्यायचा, कारण जवायाला उलटून बोलत नाहीत. आमच्याकडे साळ्याने जवायाला चारचौघांत खोटं पाडणं म्हणजे बहिणीच्या संसारात पाय घालणं समजतात.

फेकायची पद्धत अशी. तीन कवेलू एकात एक बसवून थप्पी करायची, दोन्ही हातांनी गुडघ्याजवळ धरायची आणि वर सोडायची. थप्पी फिरत नाही, उघडत नाही, पाळण्यासारखी सपाट वर जाते आणि जवायाच्या हातापाशी पोचली की थांबते. एक क्षण ती हवेत नुसती असते. फळीवरचा डबा काढावा तशी तो ती काढून घेतो. हाताला झटका नाही, मातीचा आवाज नाही. सकाळपासून दुपारपर्यंत शेकडो थप्प्या, आणि प्रत्येक तिथेच थांबते. तो जसजसा छपरावर वर सरकतो, तसतशी थांबायची जागाही वर सरकते. हे मी लहानपणापासून पाहत होतो. म्हणजे डोळे त्या दिशेला होते, एवढंच.

दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात मात्र मी लक्ष देऊन पाहिलं, आणि तिथेच सगळं बिघडलं. त्या काळात मला व्हिडिओ करायचं वेड लागलं होतं. शाळा-कॉलेजं बंद होती तेव्हा मोबाईलवर शिकवायची सवय झाली, ती नंतरही सुटली नाही. आमच्यातले पुष्कळ जण तेव्हा असे बिघडले. फळ्यासमोर तीस मुलांना झोप आणणारा माणूस कॅमेऱ्यासमोर स्वतःला शास्त्रज्ञ समजू लागला. मी त्यांच्यात पुढे होतो. थप्पी वर जाताना पाहून माझ्या मनात आलं की हा तर आपला धडा आहे, आयता, आपल्या पडवीत. पुण्या-मुंबईच्या मास्तरांकडे हे कुठून असणार.

मी एक लांब बांबू घेतला, त्यावर दर अर्ध्या मीटरला चुन्याची रेघ मारली आणि भिंतीला उभा केला. मोबाईल स्टुलावर ठेवला. फेकणाऱ्याला विचारलं की तुम्ही वेग किती देता, हे कसं ठरवता?

तो म्हणाला, "वेग-बिग आपल्याले नाई समजत, सर. जवाईच्या हाताजवळ जाऊन उभी राह्यली पाहिजे, बस."

मी हसलो. मला ते अडाणी उत्तर वाटलं होतं. त्याच्या हातापासून जवायाच्या हातापर्यंतचं अंतर मी बांबूवर मोजलं, साडेतीन मीटर. व्ही वर्ग बरोबर यू वर्ग उणे दोन जी एच. जवायाच्या हाताशी व्ही शून्य. म्हणजे फेकायचा वेग सव्वाआठ मीटर दर सेकंदाला, आणि पोचायला एका सेकंदालाही थोडा कमी वेळ. हे मी वहीत मांडून त्या दोघांना वाचूनही दाखवलं. वरचा म्हणाला की आता आमी बी बारावी पास झालो म्हणायचं. खालच्याने पुढची थप्पी रचली.

सातआठ थप्प्यांचं चित्रण झालं. पण पाहताना माझ्या लक्षात आलं की मला हवं ते त्यात नाही. थप्पी वर जाते, आणि अगदी जिथे ती थांबते तिथेच जवायाचे हात येऊन ती नेतात. माझ्या धड्याला ती परत खाली येताना दिसायला हवी होती. वर जायला जितका वेळ, तितकाच त्याच उंचीवर परत यायला, हे मुलांना रेघा मोजून दाखवायचं होतं. पण थप्पी जमिनीपर्यंत पडू दिली तर कवेलू फुटतील, ते मला नको होते, कारण कवेलू माझे होते. तेव्हा मी उपाय काढला. थप्पी जवायाच्या हाताच्या दोन मीटर वर जाऊ द्यायची आणि ती खाली आली की त्याने घ्यायची. कागदावर हे फार सोपं होतं. साडेतीनच्या जागी साडेपाच लिहायचं, झालं.

मी हे सांगितल्यावर फेकणारा हातातली थप्पी खाली ठेवून उभा राहिला. तो म्हणाला की तसं करत नाहीत. मी विचारलं का करत नाहीत? माझ्या आवाजात मास्तर होता, तो मला आजही ऐकू येतो.

"पडती थप्पी घेता येत नाई, सर," तो म्हणाला. "उभी राह्यलेलीच घेता येते. जवाईचा हात जाईन."

वीस वर्षं मी ज्यावर एक मार्क देत आलो, ते वाक्य हा माणूस मला समजावून सांगत होता. त्याचा अर्थ, त्याचं कारण आणि त्यातला धोका, तिन्ही. मी ऐकलं नाही. मला त्याच्या बोलीतली अडाणी भीती तेवढी ऐकू आली. मी म्हणालो, "अहो, मी हिशोब केला आहे. काही होत नाही."

त्याने नकारार्थी मान हलवली. तेव्हा वरून जवाई बोलला, "फेका ना साळेबुवा. सर म्हणून राह्यले न. भेले काय?"

खाली मास्तर, वर जवाई. त्याने थप्पी उचलली. ती अगदी सरळ गेली. जवायाच्या हातावरून वर, आणखी वर, साडेपाच मीटरच्या रेघेला टेकली असं मला स्क्रीनवर दिसलं आणि मला आनंद झाला. मग ती खाली आली. जवायाने नेहमीप्रमाणे हात पुढे केले. वीस वर्षांच्या सवयीने मी पुढचं अंतर मोजत होतो, त्याच्याकडे पाहत नव्हतो. आवाज आला तो कवेलू फुटल्याचा. वरचा कवेलू घसरून त्याच्या उजव्या अंगठ्यावर बसला होता, तळवा फाटला होता, आणि तोल जाऊन तो उतारावरून दोन हात खाली सरकला होता. पायाशी आडवा बांधलेला बांबू होता, म्हणून तो अंगणात पडला नाही. तो बांबू खालच्यानेच सकाळी बांधला होता.

पुढचं मी चांगलं केलं, आणि तेच जास्त वाईट झालं. मी त्याला माझ्या मोटारसायकलवर बसवून, मागे धरायला त्याच्या साळ्याला घेऊन मूलला नेलं, तिथून चंद्रपूरला पाठवलं, सोबत गेलो, रांगेत उभा राहिलो, एक्स-रे घेऊन धावलो. सगळ्यांनी पाहिलं की सर किती धावले. पहिल्या डॉक्टरांनी विचारलं की हे कसं झालं. जवाई म्हणाला, "साळ्यानं वाकडी फेकली."

तो ठरवून खोटं बोलला असं मला आजही वाटत नाही. हात मोडलेल्या माणसाला वरून जेवढं दिसलं तेवढं त्याने सांगितलं. त्याचा साळा दाराशी उभा होता, हातावर जवायाचं रक्त वाळलेलं. त्याच्या गप्प राहण्यामागे रीत होती, बहिणीचा संसार होता. माझ्या गप्प राहण्यामागे काहीच नव्हतं. खिशात मोबाईल होता आणि त्यात तिघांचेही आवाज होते.

त्या आठवड्यात मी एकदा वही काढून बसलो. दोन मीटर वरून पडणारी वस्तू हाताशी येते तेव्हा तिचा वेग किती? सव्वासहा मीटर दर सेकंदाला. हे काढायला मला अर्धं मिनिट लागलं. ज्या हिशोबाची फुशारकी मी मारली होती त्यात थप्पी किती उंच जाईल हे होतं, किती वेळात येईल हे होतं. फक्त माणसाच्या हाताला ती किती जोराने लागेल, हे नव्हतं. ते कोणी विचारलंच नव्हतं. आमच्या प्रश्नाला हात नसतात.

जवायाचा अंगठा जुळला, पण वाकेना. त्याला थप्पी धरता येईना, मग तो एका राइस मिलमध्ये पोती मोजायला बसला. फेकणाऱ्याबद्दल गावात पसरलं की म्हाताऱ्याचा हात बिघडला, घरच्या जवायालाच लोळवलं. अशा कामात माणसाजवळ दुसरं काय असतं? त्याच्याकडे गवंड्यासारखी लेव्हल नव्हती, सर्टिफिकेट नव्हतं. त्याची थप्पी चुकत नाही, एवढं लोक म्हणायचे, तीच त्याची पदवी. ती गेली. पुढच्या उन्हाळ्यात त्याला कोणी बोलावलं नाही. तो दुसऱ्यांच्या बांधकामावर सिमेंट-वाळूचा गारा कालवायला जाऊ लागला. बहीण रक्षाबंधनाला आली नाही, भाऊबीजेलाही नाही.

आणि मी? मी व्हिडिओ पुरा केला. तिघांचे आवाज पुसले, माझा एकट्याचा ठेवला, नंतर खोलीत बसून भरलेला, शुद्ध आणि सावकाश. थप्पी वर जाते, थांबते, दोन मीटर खाली येते, तिथे कापलं. लाल बाण टाकले. मुलांना तो फार आवडला. आमच्या प्राचार्यांना इतका आवडला की त्यांनी चंद्रपूरच्या एका शिक्षक प्रशिक्षणात तो दाखवायला लावला. तिथे साठसत्तर फिजिक्सवाल्यांनी टाळ्या वाजवल्या. जेवणाच्या सुट्टीत एकाने माझं कौतुक केलं की तुम्ही विज्ञान मातीशी जोडलं. त्यातल्या एकानेही विचारलं नाही की ते कवेलू कोणाच्या हातात गेले. मी त्यांना हसू शकत नाही, कारण मी व्यासपीठावर होतो. प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र प्राचार्यांनी फ्रेम करून आपल्या खोलीत लावलं.

एक गोष्ट सांगायची राहिली. जवायाच्या घरचे मला देवमाणूस समजत होते. सर नसते तर हात कापावा लागला असता, असं ते सांगत. मी ते ऐकून घ्यायचो आणि मान खाली घालायचो, आणि लोकांना तो माझा विनय वाटायचा.

या वर्षी जवायाच्या मुलीचं लग्न ठरलं. पत्रिका घेऊन त्याची बायको, म्हणजे फेकणाऱ्याची बहीण, स्वतः आमच्या घरी आली. पत्रिकेवर कुंकू, वर अक्षता. मी पत्रिका वाचली. आजोबा, काका, आत्या, सगळ्यांची नावं होती. मामाच्या नावाच्या जागी काही नव्हतं. आमच्याकडे नवरीला मंडपात मामा आणतो, मंगलाष्टकं होईपर्यंत तो तिच्या पाठीशी उभा राहतो. मी विचारलं की मामा? ती माझ्या बायकोकडे पाहून म्हणाली की तिचा चुलतमामा उभा राहील. नंतर ती गेली. माझ्या बायकोने पत्रिका देवापुढे ठेवली आणि मला एवढंच म्हणाली की तुमच्या मोबाईलमध्ये ते अजून असेल ना. तिला सगळं माहीत होतं. त्या दिवशी ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती.

लग्नाला नऊ दिवस होते. दुसऱ्या दिवशी दुपारी मी जवायाच्या घरी गेलो. तो मिलमधून जेवायला आला होता. बहीण ओसरीवर हळकुंडं निवडत होती. त्यांनी मला खुर्ची दिली, चहा ठेवला. चहा येण्याआधी बोललं पाहिजे हे मला माहीत होतं, चहा पिऊन मला ते जमलं नसतं. मी म्हणालो की एक ऐकवायचं आहे, आणि मोबाईल खाटेवर ठेवून मूळ व्हिडिओ लावला, आवाजासकट.

अंगणात आमचे तिघांचे आवाज आले. साळ्याचं, पडती थप्पी घेता येत नाई. माझं, मी हिशोब केला आहे. मग वरून जवायाचं हसत हसत, भेले काय. आणि शेवटी तो आवाज.

बहीण म्हणाली की पुन्हा लावा. मी पुन्हा लावला. ती हातातलं हळकुंड खाली न ठेवता ऐकत होती. तिसऱ्यांदा तिने लावायला सांगितलं तेव्हा नवरा म्हणाला की पुरे. तो माझ्याकडे बघत नव्हता, स्वतःच्या अंगठ्याकडे बघत होता.

"दोन वर्ष झाले, सर," तो म्हणाला. "आता काऊन आणून राह्यले?"

मी म्हणालो की मी भ्यालो होतो. तो हसला, पण ते थट्टेचं हसू नव्हतं. तो म्हणाला की भ्याले तर तुमी बी आणि मी बी, न भेणारा एकटा तोच निघाला, आणि आपण त्यालेच भेला म्हणलं. मग त्याने मला विनंती केली की हे आणखी कोणाला ऐकवू नका. लग्न तोंडावर आहे, व्याही काय म्हणतील, चारचौघांत मी तोंड कसं दाखवू. खरं सांगतो, मला क्षणभर सुटल्यासारखं वाटलं. मी सांगितलं, त्याने ऐकलं, त्याने झाका म्हटलं. कबुलीही झाली आणि लपवणंही झालं, एकाच दुपारी. माझ्यासारख्याला यापेक्षा सोयीचं काही नव्हतं.

पण बहीण उठली. ती नवऱ्याला म्हणाली, "पत्रिका तर वाटून झाल्या. आता तुमाले तोंडानं बलवा लागन. तुमीच जा. मी नाई जात."

तो म्हणाला की जवायाने साळ्याच्या दारी असं जायची रीत नाही. ती म्हणाली की रीत त्याने दोन वर्षं पाळली, आता तुमची पाळी. मग ती माझ्याकडे वळली आणि म्हणाली की सर, तुमी बी जा संग. चहा उकळून आटला होता, तो तिने आम्हाला दिला नाही.

आम्ही संध्याकाळी गेलो. फेकणारा कामावरून नुकताच आला होता, पायांवर सिमेंट सुकलं होतं. जवाई त्याच्यासमोर उभा राहिला आणि म्हणाला की पोरीले मांडवात तुमालेच आणा लागन. एवढंच. माफी वगैरे शब्द त्याने काढला नाही, आमच्याकडे कोणी काढत नाही. साळ्याने मान डोलावली आणि त्याला बसायला घोंगडी टाकली. मला टाकली नाही. मी उभ्या-उभ्याच मोबाईल काढला. मला त्याला ऐकवायचं होतं, कदाचित असं वाटत होतं की तो ऐकेल, डोळे पुसेल आणि मला मोकळं करील.

"ते काय दाखवता मले," तो म्हणाला. "मी होतो न तिथी."

मी मोबाईल खिशात घातला. मी म्हणालो की माझं चुकलं. तो म्हणाला की हे मले सांगून काय फायदा, मले तर त्या दिवशीच ठाऊक होतं. ज्याईच्या घरी मी कवेलू फेकत होतो, त्याईले सांगा. आणि त्याने जागच्या जागी घरं सांगायला सुरुवात केली. हनुमानाच्या देवळामागची तीन, तलावाच्या पाळीखालची चार, मोहल्ल्यातलं अत्तरवाल्यांचं एक, असं करत चौदा. त्याने बोटं मोजली नाहीत. चौदाव्या घराचं सांगताना त्याने माझ्याकडे पाहिलं, कारण ते कोणाचं आहे हे दोघांनाही माहीत होतं.

लग्न झालं. मामाने नवरीला मंडपात आणलं. पांढरं धोतर, डोक्याला नवा टॉवेल. मंगलाष्टकं होईपर्यंत तो तिच्या मागे उभा होता, दोन्ही हात तिच्या खांद्यांवर. मी मागच्या रांगेत होतो. तो माझ्याशी बोलला नाही, पण पंगतीत वाढताना माझं पान टाळून पुढेही गेला नाही. भात वाढला आणि पुढच्या पानाकडे सरकला. मला वाटलं आता संपलं. असं वाटून घ्यायला आम्हा मास्तरांना फार थोडं पुरतं.

लग्नानंतरच्या रविवारी मी निघालो. घरोघर जाऊन सांगणं किती हास्यास्पद असतं हे आधी कळलं असतं तर निघालो नसतो. लोक खुर्ची द्यायचे. मी सांगायचो की तुमच्याकडे कवेलू फेरायला येणाऱ्याचा हात चुकला नव्हता, मीच चुकीचं सांगितलं होतं. बहुतेकांना आठवायलाच वेळ लागला. एक जण म्हणाला की जाऊ द्या ना सर, आता छपरावर टिना टाकल्या. एका घरी तरुण सुनेने विचारलं की म्हणजे हे कशाचं सर्वेक्षण आहे का. एकाने सगळं ऐकून मला विचारलं की माझ्या मुलाला नीट परीक्षेच्या फिजिक्सला तुम्ही घ्याल का. अत्तरवाल्यांच्या घरची म्हातारी मात्र सरळ बोलली. ती म्हणाली की हमको तो पहलेसे मालूम था, उसका हाथ नहीं चूकता, मगर जमाई की बात में कौन पडे. तिने तिथल्या तिथे आपल्या मुलाला सांगितलं की यंदा त्यालाच बोलवायचं. तेवढं एक छप्पर त्याला परत मिळालं. बाकी बारा घरांनी मला चहा दिला.

तेरा झाली. चौदावं घर आमच्या प्राचार्यांचं आहे, तेही आमच्याच गावचे. त्यांच्या गोठ्यावर अजून कवेलू आहेत आणि ते फेरायला तेच दोघे यायचे. त्यांना सांगायचं म्हणजे त्यांच्या खोलीतल्या फ्रेमबद्दल सांगायचं. आपल्या कॉलेजचा नावाजलेला व्हिडिओ कुठे कापलेला आहे आणि का, ते सांगायचं. तिथे मी अजून गेलेलो नाही. कॉलेजात त्यांच्यासमोर रोज बसतो, एकाच टेबलावर डबा उघडतो. गेल्या आठवड्यात त्यांनी सुचवलं की याच धर्तीवर तिरप्या फेकीचा व्हिडिओ करू या. मी म्हणालो की बघतो. हे सगळं मी इथे लिहून काढलं, कारण लिहिणं सोपं आहे. हा कागद कोणाच्या खोलीत फ्रेम करून लावलेला नाही.

काल फेकणारा रस्त्यात भेटला. सायकलवर होता, मागे फावडं बांधलेलं. थांबला नाही, फक्त पाय सैल केले.

"सर, चौदावं?"

मी म्हणालो की रविवारी जातो.

"कोणत्या?" त्याने विचारलं, आणि पायडल मारून पुढे गेला.